पदार्थ बारा, पिशव्या किती?

घरात मेथीची एक जुडी आली की तिचं काय काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सकाळी डब्याला भाजी, संध्याकाळी उरलेल्या पानांचे पराठे आणि तरीही मूठभर राहिलीच तर दुसऱ्या दिवशी डाळीत. बटाटे उकडायचेच आहेत तर चार जास्त टाकू, म्हणजे उद्या पराठ्यांना उपयोगी पडतील. इडलीचं पीठ तिसऱ्या दिवशी आंबट झालं की त्यात कांदा-मिरची घालून उत्तप्पे! एका सामानातून तीन पदार्थ काढायचे आणि काही वाया जाऊ द्यायचं नाही, हे गणित आपण रोज तोंडी करत असतो. आपण त्याला काटकसर म्हणतो. मोठ्या हॉटेलांत हेच काम कॉम्प्युटरवर करतात आणि त्याला 'डेटा अ‍ॅनालिसिस' असं भारदस्त नाव देतात. म्हणजे काय, तर माहिती गोळा करायची, ती कोष्टकात मांडायची आणि त्या कोष्टकाला प्रश्न विचारायचे.

मैत्रिणींनो, गंमत अशी की घरातल्या चार-सहा माणसांसाठी बिनचूक चालणारं हे गणित, गिऱ्हाइकांसाठी स्वयंपाक सुरू केला की बिघडतं. ते का बिघडतं आणि एका साध्या कागदावर कसं सुधारता येतं, हे आज सांगायचं आहे. कारण बचत गटांतल्या कितीतरी बायका आज खानावळ, नाश्त्याची गाडी, पोळी-भाजी केंद्र, नाहीतर एखाद्या कार्यालयाचं कँटीन चालवतात. त्यांची मेहनत कमी पडत नाही. हातची चव तर मुळीच कमी पडत नाही. कमी पडतो तो कागद!

आमच्या तालुक्याच्या गावी अकरा जणींचा एक गट नाश्त्याचं उपाहारगृह चालवतो. त्यांच्या महिन्याच्या बैठकीला मी जात असते. सुरुवातीला त्यांच्या फळ्यावर पाचच पदार्थ होते. मग कुणी म्हणालं, "ताई, साबुदाण्याची खिचडी नाही का?" ती आली. कॉलेजच्या मुलांनी सँडविच मागितलं, तेही आलं. शाळा सुटल्यावर येणाऱ्या पोरांसाठी नूडल्स आल्या. "आलेलं गिऱ्हाईक परत जायला नको," या एका वाक्यावर फळा वाढत गेला आणि पाचाचे बारा पदार्थ झाले. गर्दी वाढली, पण गल्ल्यात काही राहीना. रोज संध्याकाळी अर्धवट कोबी, सुकलेली काकडी, कडेने हिरवट पडलेला ब्रेड असलं काहीतरी उरायचंच. बायका ते आपापसात वाटून घेत. कर्जाचा हप्ता मात्र प्रत्येकीला घरखर्चातून पैसे काढून भरावा लागत होता. पहाटे पाचला चूल पेटवणाऱ्या बाईला घरी ऐकावं लागायचं, "त्यापेक्षा रोजाने शेतात गेली असतीस तर दोन पैसे दिसले असते." दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर बंद करायचं, इथपर्यंत बोलणं आलं होतं.

सगळ्यांचा पहिला अंदाज एकच होता : भाव कमी ठेवलेत, वाढवायला हवेत. पण गटाचा हिशेब लिहिणारी एकीची सून बी.कॉम. झालेली आहे. ती म्हणाली, "भाव नंतर बघू. आधी मला एवढंच सांगा, बारा पदार्थ करायला आपण किती तऱ्हेचं सामान आणतो?" कुणालाच सांगता येईना. मग जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून तिने रेघा मारल्या. डावीकडे एकाखाली एक पदार्थ, वरच्या बाजूला ओळीने सामान. ज्या पदार्थात जे लागतं, त्या चौकटीत एक खूण. तेल, मीठ, हळद, तिखट, मोहरी, जिरं, आलं-लसूण हे रोजचं लागणारं सामान सोडून दिलं. बाकी सगळं मांडलं. तुम्हीही मोजून बघा :

कांदेपोहे – पोहे, कांदा, मिरची, कोथिंबीर, शेंगदाणे, लिंबू.
उपमा – रवा, कांदा, मिरची, कोथिंबीर.
मिसळ – मटकी, फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबू, पाव.
वडापाव – बटाटा, बेसन, मिरची, कोथिंबीर, पाव.
कांदाभजी – कांदा, बेसन, मिरची, कोथिंबीर.
थालीपीठ – भाजणी, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि वर दही.
साबुदाणा खिचडी – साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची.
पिठलं-भाकरी – बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर, ज्वारीचं पीठ.
अळूवडी – अळूची पानं, बेसन, चिंच, गूळ.
पनीर पकोडा – पनीर, बेसन.
सँडविच – ब्रेड, लोणी, बटाटा, काकडी, टोमॅटो आणि चटणीला मिरची-कोथिंबीर.
नूडल्स – नूडल्स, कोबी, शिमला मिरची, गाजर, कांदा, सॉस.

पदार्थ बारा, पण सामान एकोणतीस तऱ्हेचं! आता उभ्या रांगा मोजायच्या. मिरची आणि कोथिंबीर आठ-आठ पदार्थांत, कांदा सात, बेसन पाच, बटाटा तीन पदार्थांत. शेंगदाणे, लिंबू आणि पाव दोन-दोन पदार्थांत. म्हणजे एकापेक्षा जास्त पदार्थांत लागणारं सामान फक्त आठ तऱ्हेचं. उरलेलं एकवीस तऱ्हेचं सामान असं, की ज्याच्या रांगेत एकच खूण! एकाच पदार्थासाठी विकत घ्यायचं, तो पदार्थ त्या दिवशी खपला नाही तर त्याला दुसरीकडे वाट नाही.

घरी आपली मेथी तीन ठिकाणी जिरते. इथे कोबीला एकच दार होतं, नूडल्सचं. ते बंद झालं की कोबी पडून. घरचं गणित हॉटेलात बिघडतं ते इथे. घरी आपण सामान बघून पदार्थ ठरवतो. हॉटेलात पदार्थ आधी फळ्यावर लागतो आणि मग त्याच्यामागे सामान धावतं.

पण थांबा हं, एकच खूण म्हणजे लगेच वाईट, असं नाही. पोह्यांच्या रांगेतही एकच खूण आहे. म्हणून काय पोहे बंद करायचे? पोहे, रवा, मटकी, साबुदाणा, भाजणी, ज्वारीचं पीठ, फरसाण हे डब्यात राहणारं सामान. आज नाही लागलं तर उद्या लागेल. चिंच, गूळ, सॉस, नूडल्सची पाकिटं यांचंही तसंच. अशा टिकणाऱ्या गोष्टी एकविसांतल्या अकरा निघाल्या. खरा घोर उरलेल्या दहांचा : अळू, दही, पनीर, ब्रेड, लोणी, काकडी, टोमॅटो, कोबी, शिमला मिरची, गाजर. एकटं आणि शिवाय नाशवंत. वरकड खर्च गळत होता तो या दहा भोकांतून. म्हणून कोष्टकाला दोन प्रश्न एकदम विचारायचे. हे सामान किती पदार्थांत जातं? आणि ते किती दिवस टिकतं?

यापुढचा प्रश्न मला फार आवडला. एखादा पदार्थ फळ्यावरून निघाला, तर जाताना आपलं किती सामान घेऊन जातो? कांदाभजी बंद केली तर काय वाचतं? काहीच नाही. कांदा, बेसन, मिरची, कोथिंबीर बाकीच्यांसाठी आणावीच लागणार. नूडल्स बंद केल्या तर पाच पिशव्या एकदम कमी होतात. आणि उलटही तसंच. नवा पदार्थ येताना किती सामान आणतो? गटाने डोकं चालवलं तेव्हा पाच पदार्थ असे सापडले, की ज्यांना नवीन काहीच आणायला नको. बटाटेपोहे, बटाटाभजी, कोथिंबीर वडी, बेसनाचं धिरडं आणि मिसळीच्या कटात सोडलेला वडा, म्हणजे कटवडा. सामान तेच, पण गिऱ्हाइकासाठी पदार्थ नवे!

हे काही आमच्या गटाने लावलेले शोध नाहीत. जुन्या उडुपी हॉटेलाच्या फळ्याकडे एकदा या नजरेने बघा. डोसा, मसाला डोसा, उत्तप्पा आणि त्यांचे प्रकार हे मुळात उडीद-तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचेच. इडली तर त्याच घरातली. सांबार-चटणी सगळ्यांना सामायिक. पंजाबी जेवण देणाऱ्या हॉटेलात मेनू कार्डावर भाज्यांची चाळीस नावं असतात, पण आत बहुतेक ठिकाणी दोन-तीनच रस्से तयार असतात : कांदा-टोमॅटोचा लाल, काजूचा पांढरा, पालकाचा हिरवा. नावं वेगळी, पातेली तीच. आपल्याकडे गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचंही असंच होतं. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. त्या खानावळींत जेवणारे ठरलेले असायचे, त्यामुळे किती माणसं पानावर बसणार ते आधी ठाऊक. फळा लावून बसणाऱ्याला हे सुख नाही. त्याच्याकडे उद्या कोण काय मागेल याचा भरवसा नसतो, म्हणूनच त्याला सामायिक सामानाचा आधार जास्त लागतो.

परदेशातलं एक उदाहरणही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनल्ड आडनावाच्या दोन भावांचं हॉटेल होतं. धंदा चांगला चालत होता. तरी १९४८ साली त्यांनी विक्रीचा हिशेब बघून हॉटेल काही काळ बंद ठेवलं आणि पंचवीसच्या आसपास असलेले पदार्थ कमी करून फक्त नऊ ठेवले. पुढे त्या नावाचं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. आपल्याला त्यांच्यासारखं व्हायचं नाही, पण चालत्या धंद्यात थांबून हिशेब बघण्याचं धाडस घेण्यासारखं आहे की नाही?

सामानाचं कोष्टक झालं, पण त्याने निम्मंच काम होतं. बाकीचं निम्मं काम विक्रीचं. चार आठवडे गल्ल्याजवळ एक वही ठेवली. प्रत्येक प्लेटमागे एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मायकल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ या दोघांनी १९८२ साली यासाठी एक पद्धत मांडली, ती हॉटेलच्या अभ्यासक्रमांत आजही शिकवतात. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे. खपतो किती? आणि एका प्लेटमागे सामानाचा खर्च वजा जाऊन हातात काय राहतं? त्यावरून चार घरं पडतात. खूप खपतो आणि पैसेही देतो, तो आपला हिरा. खूप खपतो पण देतो थोडं, तो राबणारा बैल. पैसे चांगले देतो पण मागतं कुणी नाही, ते कोडं. आणि दोन्हीकडून उणा, त्याला निरोप.

आमच्या गटात मिसळ हिरा ठरली. पोहे राबणारा बैल. थालीपीठ हे कोडं होतं. ते फळ्यावर सगळ्यात खाली लिहिलेलं असायचं, म्हणून कुणाच्या नजरेलाच पडत नव्हतं! ते वर घेतल्यावर मागणी सुरू झाली. नूडल्स मात्र शनिवारची शाळा सुटल्यावर तेवढ्या जायच्या आणि त्यासाठी आठवडाभर पाच पिशव्या सांभाळायच्या. त्यांना निरोप दिला. सँडविच कॉलेजच्या मुलांसाठी हवंच होतं. मग ब्रेड आणि लोणी काढलं आणि तेच बटाटा, काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी पावात भरून द्यायला लागलो. पाव तर येतच होता. आता राहिली काकडी, टोमॅटो आणि दही. एकीने सुचवलं, "पिठलं-भाकरी आणि थालिपिठाबरोबर वाटीभर कोशिंबीर देऊ या की!" एका कोशिंबिरीने तिन्ही रांगांत दुसरी खूण पडली. तीन भोकं एका ठिगळात बुजली.

पनीर पकोडे आदल्या दिवशी सांगितलं तरच, असं ठरलं. आणि मग आली अळूवडी.

इथे मात्र बैठक गप्प झाली. अळूवडी गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी करतात. त्यांचे गुडघे दुखतात, पीठ मळणं किंवा कढईपाशी तासन् तास उभं राहणं त्यांना जमत नाही. पण बसून पानांना पीठ लावावं आणि उंडे वळावेत ते त्यांनीच. कोष्टक सांगत होतं की अळूवडी जाताना अळू, चिंच, गूळ अशा तीन पिशव्या घेऊन जाते आणि आठवड्यातले बरेच दिवस उंडे उरतात. आकड्यांनी कौल दिला होता. पण त्या चौकटीत खूण पुसली म्हणजे मावशींचं काम पुसलं, महिन्याअखेरी त्यांच्या हातात पडणारे थोडे पैसे पुसले. मावशी स्वतःच म्हणाल्या, "माझ्यामुळं गटाचं नुकसान नको गं. काढून टाका." हिशेब लिहिणाऱ्या सुनेने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, असं कसं? या कागदात एक रांग राहिलीच आहे. पदार्थ कुणाच्या हातचा, ते आपण लिहिलंच नाही."

मग ती रांग काढली. त्यात दिसलं की पहाटेच्या कांदा-मिरची चिरण्याचा भार तीनच जणींवर आहे आणि मावशींच्या हाताला सकाळी दहानंतर काम नाही. कोथिंबीर वडीची कृतीही अळूवडीच्याच वळणाची : बसून कालवायचं, उंडे वळायचे, उकडायचे, कापायचे. तळायला दुसरी उभी राहील. ठरलं असं की आठवडी बाजाराच्या दिवशी अळू ताजा येतो आणि गर्दीही असते, तेव्हा अळूवडी. बाकीच्या दिवशी कोथिंबीर वडी. तिला नवीन सामान काहीच नको. मावशींचं काम कमी होण्याऐवजी रोजचं झालं. आणि बाजाराच्या दिवशी "आज अळूवडी" अशी पाटी लागायला लागल्यावर लोक मुद्दाम विचारत येऊ लागले. रोज मिळणाऱ्या गोष्टीची किंमत राहत नाही, हे काय आपल्याला माहीत नाही?

सगळं झाल्यावर पुन्हा मोजलं. नूडल्स, पनीर पकोडा आणि अळूवडी रोजच्या फळ्यावरून गेल्या. कोथिंबीर वडी, बटाटाभजी आणि कटवडा आले. फळ्यावर पदार्थ पुन्हा बाराच. पण रोज लागणारं सामान एकोणतीस तऱ्हेचं होतं, ते अठरावर आलं! कोथिंबीर, बटाटे, बेसन जास्त लागायला लागल्यामुळे ते घाऊक भावात घेता आलं. भाव एका रुपयानेही वाढवला नाही. तीन महिन्यांनी कर्जाचा हप्ता उपाहारगृहाच्याच पैशातून भरला. फार मोठी मिळकत झाली असं नाही. पण दिवाळीनंतर बंद करायची भाषा थांबली.

हे मोजकाम मोबाइलमध्येही होतं. सुनेने नंतर तेच कोष्टक मोबाइलवरच्या तक्त्यात घातलं. खूण असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. बेरीज यंत्र करतं. दोन पदार्थ एकमेकांच्या किती जवळचे, हेही काढता येतं. दोन्ही पदार्थांचं मिळून किती सामान होतं आणि त्यातलं किती सामायिक आहे, एवढंच बघायचं. कांदाभजी आणि पिठलं-भाकरी यांचं मिळून पाच तऱ्हेचं सामान, त्यातलं चार सामायिक. अगदी सख्ख्या बहिणी! नूडल्स आणि साबुदाणा खिचडीत सामायिक काहीच नाही. ही मोजण्याची रीत पॉल जाकार नावाच्या स्वित्झर्लंडच्या वनस्पतिशास्त्रज्ञाची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आल्प्स पर्वतातल्या दोन ठिकाणच्या वनस्पती किती सारख्या आहेत, हे बघायला त्याने ती वापरली. डोंगरावरच्या फुलांचं गणित आपल्या भजी-पिठल्याला लागू पडतं, आहे ना मजा?

या सख्ख्या बहिणी कळल्या की सकाळची कामंही लावता येतात. त्यांचं चिरणं-निवडणं एकदम करायचं, डबे एका फळीवर ठेवायचे. मात्र हा क्रम आतल्या भिंतीवर. बाहेरच्या फळ्यावर गिऱ्हाइकाच्या सोयीचाच क्रम हवा : नाश्ता, जेवण, उपवासाचं. "कांदा नसलेलं काय आहे?" असं कुणी विचारलं तर कोष्टकात कांद्याची रांग बघून लगेच सांगता येतं.  नाव सांगताना चूक होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यात तेच बेसन आणि तीच कोथिंबीर, मग चव एकसुरी नाही का होणार? रास्त शंका आहे. पदार्थांच्या याच याद्यांवर शास्त्रज्ञांनीही काम केलंय. २०११ साली योंग-योल आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या ५६ हजारांहून जास्त पाककृती कॉम्प्युटरला घालून कुठल्या पदार्थात कुठल्या चवीचं सामान एकत्र येतं ते तपासलं. २०१५ साली जोधपूरच्या आयआयटीतल्या गणेश बागलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेच भारतीय स्वयंपाकासाठी केलं. पाककृती कुठून घेतल्या? आपल्या तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरून, अडीच हजारांहून अधिक! पाश्चात्त्य स्वयंपाकात सारख्या वासा-चवीचं सामान एकत्र आणण्याकडे कल दिसतो. आपल्याकडे नेमकं उलटं, एकमेकांशी न जुळणारं सामान आपण एकत्र आणतो आणि त्यात मोठा वाटा मसाल्यांचा, असं त्यांना आढळलं.

मला यातून आपल्या कामाची एक गोष्ट दिसते. बेसन एकच असलं तरी भजीत ओवा पडतो, पिठल्यात लसूण-मोहरीची फोडणी आणि कोथिंबीर वडीत तीळ. म्हणजे सामान सामायिक ठेवा, पण मसाला आणि फोडणी सामायिक करू नका. मसाल्याचे डबे टिकतात, जागा थोडी घेतात आणि वेगळेपण तेच देतात. ज्या दिवशी सगळ्या पदार्थांना एकच तयार मसाला पडेल, त्या दिवशी गिऱ्हाईक कंटाळेल.

दुसरा धोका भावाचा. सात पदार्थांत कांदा असेल तर कांदा महागला की सातही पदार्थ एकदम घायकुतीला येतात. २०१९ च्या डिसेंबरात अनेक शहरांत कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता, २०२३ च्या जुलैत टोमॅटोने तेच केलं. म्हणून कोष्टकात ज्या रांगेत सगळ्यात जास्त खुणा आहेत, तिचा पर्याय आधीच ठरवून ठेवावा. आमच्या गटाने ठरवलंय, कांदा फार चढला की पोहे बटाट्याचे आणि भजीही बटाट्याची.

आणि शेवटी अन्नाचा विचार. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं २८ टक्के हॉटेल, कँटीन अशा ठिकाणी आणि ६० टक्के आपल्या घराघरांत. म्हणजे हॉटेल चालवत नसाल तरी हा कागद तुमच्याही कामाचा आहे. पुढच्या आठवड्याच्या भाज्या ठरवाल तेव्हा एकदा अशी यादी करून तर बघा.

आपल्या आज्यांना हे सगळं तोंडपाठ होतं, कारण त्यांचं घर एक आणि चूल एक. अकरा जणींची चूल एक झाली की प्रत्येकीच्या डोक्यातला हिशेब वेगळा असतो. तो कागदावर आला की सगळ्यांना दिसतो, सगळ्यांना त्यावर बोलता येतं. भांडण बाईशी होत नाही, रांगेतल्या खुणेशी होतं. आणि ज्या दिवशी आकडे एखाद्या पदार्थाला निरोप द्यायला सांगतील, त्या दिवशी तो कुणाच्या हातचा, ही रांग आधी बघा. तिला दुसरं काम सापडल्यावरच खूण पुसा.

चौकट : कोष्टक असं करा

१. डावीकडे सगळे पदार्थ, वर सगळं सामान. रोजचं तेल-मीठ-फोडणीचं सोडून द्या. जिथे लागतं तिथे खूण करा.
२. उभ्या रांगा मोजा. एकच खूण असलेलं सामान वेगळं काढा. त्यातलं नाशवंत तांबड्या शाईने लिहा.
३. तांबड्या सामानाला दुसरा पदार्थ शोधा. नाही सापडला तर तो पदार्थ ठराविक दिवशी किंवा आगाऊ सांगितल्यावरच करा.
४. चार आठवडे प्लेटा मोजा. खप आणि प्लेटमागे राहणारे पैसे दोन्ही लिहा.
५. नवा पदार्थ घेण्याआधी विचारा : येताना किती सामान आणणार?
६. शेवटची रांग विसरू नका : हा पदार्थ कुणाच्या हातचा?